माणसं टिकवणं हेही मॅनेजरचंच काम

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं, तेव्हा शिकागोतल्या रेस्टॉरंट मालकांची चांगलीच पंचाईत झाली होती. बाहेर जेवणाऱ्यांची गर्दी वाढलेली, आणि वाढायला माणसं नाहीत. कारखान्यांत पगार चांगला मिळत असल्याने लोक तिकडे वळत होते. नव्या वेट्रेस यायच्या, काही दिवस काम करायच्या आणि निघून जायच्या. अखेर मालकांच्या संघटनेने, नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशनने, शिकागो विद्यापीठाला पैसे दिले आणि हा प्रश्न अभ्यासायला सांगितलं. काम आलं विल्यम फूट व्हाइट या तरुण समाजशास्त्रज्ञाकडे. बोस्टनमधल्या इटालियन वस्तीतल्या नाक्यावरच्या पोरांवर त्यांनी लिहिलेलं ‘स्ट्रीट कॉर्नर सोसायटी’ हे पुस्तक १९४३ साली आलं होतं. नाक्यावर वापरलेलीच पद्धत त्यांनी इथेही वापरली. प्रश्नावल्या वाटून ते थांबले नाहीत. त्यांच्या सहकाऱ्यांनी रेस्टॉरंटमध्ये स्वतः नोकरी केली, ऑर्डरी घेतल्या, शिव्याही खाल्ल्या. त्यातून १९४८ साली ‘ह्यूमन रिलेशन्स इन द रेस्टॉरंट इंडस्ट्री’ हे पुस्तक तयार झालं.

या अभ्यासातला एक प्रश्न वरवर साधा होता. गर्दीच्या वेळी काही वेट्रेस रडतात आणि काही रडत नाहीत, असं का? पगार सारखा, गिऱ्हाईक सारखं, टेबलंही तेवढीच. मग फरक कुठे पडतो? व्हाइट यांना दिसलं ते असं. ज्या वेट्रेस टेबलाजवळ जाऊन बोलण्याची सूत्रं स्वतःच्या हातात घेत, आधी काय घेणार ते विचारत, काय लवकर मिळेल ते सांगत, वेळ लागणार असेल तर तसं आधीच बजावत, त्या तग धरत. ज्या फक्त समोरून येणारे हुकूम झेलत राहत, त्या एका बाजूने गिऱ्हाईक आणि दुसऱ्या बाजूने स्वयंपाकघर अशा कचाट्यात सापडत. वरचा सुपरवायझर अशा वेळी पाठीशी उभा राहतो की आणखी एक ओरडणारं तोंड घेऊन येतो, यालाही फार महत्त्व होतं.

दुसरं निरीक्षण आणखी मार्मिक होतं. काउंटरच्या आत काम करणारे पुरुष वयाने, पगाराने आणि मानाने वरचे. वेट्रेस खालच्या. पण रेस्टॉरंटचं काम असं की खालची मुलगी येऊन वरच्याला सांगते, “दोन अमुक, एक तमुक, लवकर!” हे त्या पुरुषांना सोसत नसे. मग ते मुद्दाम उशीर करत, टोमणे मारत, लाडक्या वेट्रेसचं आधी काढून देत. एका ठिकाणी मात्र हा तंटा फारसा नव्हता. तिथे वेट्रेस ऑर्डर चिठ्ठीवर लिहून एका खिळ्याला टोचून ठेवत. आतला माणूस चिठ्ठ्या काढून घेई, आपल्या सोयीने लावी आणि पदार्थ गरम ठेवायच्या कपाटात ठेवून देई. ते कपाट इतकं उंच होतं की पलीकडचा चेहरा फक्त उंच मुलींनाच दिसायचा. तोंडी हुकूम थांबला आणि भांडणाचं मूळच गेलं. आज अनेक हॉटेलांत दिसणारी केओटी, म्हणजे स्वयंपाकघरात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, हेच काम करते. ती हिशेबासाठी आहे असं आपण समजतो. तिच्यामुळे माणसांचे एकमेकांशी उडणारे खटकेही कमी होतात.

व्हाइट यांच्या अभ्यासाला पाऊणशेहून अधिक वर्षं झाली, पण मालकांची तक्रार तीच आहे. “माणसं टिकत नाहीत.” २०२१ च्या अखेरीस अमेरिकेत लॉजिंग आणि खानपान क्षेत्रातले सहा टक्क्यांहून अधिक कामगार एकेका महिन्यात स्वतःहून नोकरी सोडत होते. सगळ्या क्षेत्रांचं मिळून हेच प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. भारतात नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडियाच्या २०२४ च्या अहवालानुसार या धंद्यात सुमारे ८५ लाख लोक काम करतात. मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही मालकाला विचारा, तो सांगेल की पोरगा गावी जातो म्हणून गेला आणि परत आलाच नाही, किंवा समोरच्या हॉटेलने हजार रुपये जास्त दिले आणि वेटरांवरचा कॅप्टन तिकडे गेला.

सोडून जाण्याची किंमत मात्र मालकाच्या वहीत कुठेच दिसत नाही. कॉर्नेल विद्यापीठाच्या हॉटेल व्यवस्थापन विभागातले ब्रूस ट्रेसी आणि टिमथी हिंकिन यांनी ही किंमत मोजायचा प्रयत्न केला. जाहिरात, मुलाखती, गणवेश, प्रशिक्षण हे खर्च त्यांनी मांडलेच. पण सर्वांत मोठा हिस्सा निघाला तो कामाचा वेग आणि दर्जा घसरल्याचा. नवा माणूस चुकतो, जुने त्याच्या चुका निस्तरत बसतात, आणि जाणार हे ठरवलेल्याचं आधीच्या आठवड्यांतही कामात लक्ष नसतं. आपल्याकडचं उदाहरण घ्या. चार नंबरच्या टेबलावर रोज येणाऱ्या काकांना चहा कमी साखरेचा लागतो, भाजीत कांदा चालत नाही आणि बिल आणायची घाई केलेली आवडत नाही. हे जाणणारा वेटर गेला की ही माहितीही त्याच्याबरोबर जाते. ती कुठल्याही संगणकात नसते.

मॅनेजर होतो कसा?

आपल्याकडे हॉटेलात मॅनेजर होण्याची वाट बहुधा ठरलेली असते. पोऱ्या म्हणून आलेला मुलगा टेबल पुसतो, मग वेटर होतो, कॅप्टन होतो, आणि आधीचा मॅनेजर गेला की एके दिवशी मालक त्याला गल्ल्यावर बसवतो. कालपर्यंत तो सर्वांत चपळ होता, सहा टेबलं एकट्याने सांभाळायचा, म्हणून त्याला ही बढती मिळते. पण सहा टेबलं सांभाळणं आणि सहा माणसं सांभाळणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं त्याला कुणी कधी शिकवलेलं नसतं. मग तो आपल्या जुन्या मॅनेजरची नक्कल करतो. तो मॅनेजर ओरडायचा, म्हणून हाही ओरडतो. अ‍ॅलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली श्यू या संशोधकांनी अमेरिकेतल्या कंपन्यांच्या विक्री विभागांची माहिती तपासली, तेव्हाही हेच चित्र दिसलं. उत्तम विक्रेत्यांना बढती मिळण्याची शक्यता जास्त असते, पण बढतीनंतर त्यांच्या हाताखालच्यांची कामगिरी घसरते.

मॅनेजर बदलला तर माणसांच्या टिकण्यात खरंच फरक पडतो का? मिचेल हॉफमन आणि स्टीव्हन टाडेलिस यांनी एका मोठ्या तंत्रज्ञान कंपनीत याचा अभ्यास केला. हाताखालच्या माणसांनी मॅनेजरांना दिलेले गुण त्यांनी नोकरी सोडण्याच्या आकड्यांशी ताडून पाहिले. गुणांच्या तळाशी असलेल्या मॅनेजरच्या जागी वरच्या टोकाचा मॅनेजर आला, तर नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्याहून अधिक कमी व्हावं, असा त्यांचा हिशेब निघाला. कंपनीला ज्यांचं जाणं सलतं, त्या चांगल्या माणसांच्या बाबतीत हा परिणाम विशेष ठळक होता. ती तंत्रज्ञान कंपनी आणि आपलं हॉटेल यांत अंतर आहे. पण हॉटेलात मॅनेजर दिवसाचे बारा तास त्याच माणसांसोबत एकाच छताखाली असतो. तिथे हा परिणाम कमी असेल असं मानायला काही कारण दिसत नाही.

शिकवायचं काय?

पहिली गोष्ट म्हणजे नव्या माणसाचे पहिले काही दिवस. बरीच माणसं पहिल्या महिनाभरातच जातात, आणि तीही काम कठीण आहे म्हणून नव्हे, तर सांगितलं होतं एक आणि निघालं दुसरंच म्हणून. मानसशास्त्रज्ञ जॉन वॅनस यांनी १९७० च्या दशकात यावर काम केलं. नोकरीतल्या अडचणी आधीच प्रामाणिकपणे सांगितल्या तर रुजू झालेली माणसं जास्त टिकतात, असा त्यांच्या संशोधनाचा रोख होता. आपल्या हॉटेलात मुलाखत म्हणजे “काम येतं का? मग उद्यापासून ये” एवढीच असते. त्याऐवजी मॅनेजरने स्वच्छ सांगावं: शनिवारी रात्री निघायला साडेबारा होतात, रूममध्ये आठ जण आहेत, पाणी सकाळी सातपर्यंतच येतं, पहिला पगार अमुक तारखेला. ज्याला हे जमणार नाही तो आजच नाही म्हणेल, आणि तेच बरं.

रुजू झाल्यावर एका जुन्या माणसाला त्याची जबाबदारी द्यावी. ओडिशा, बिहार किंवा नेपाळहून आलेल्या मुलाला पहिल्या रात्री अंथरूण कुठे टाकायचं, कपडे कुठे धुवायचे, मोबाइलचं रिचार्ज कुठे मिळतं, हे माहीत नसतं. त्याला मेन्यू पाठ नाही ही चिंता दुसऱ्या दिवसाची. स्टाफचं जेवण हीसुद्धा याच खात्यातली बाब आहे. दिवसभर दुसऱ्यांना वाढणाऱ्या माणसाच्या ताटात काल उरलेलं घालायचं, आणि वर त्याने हसतमुख राहावं अशी अपेक्षा धरायची, हे जमत नाही. मॅनेजरने आठवड्यातून काही वेळा स्टाफबरोबर तेच जेवण जेवावं, म्हणजे तक्रार कानावर येण्याआधी ती जिभेवर कळते.

माणसं निवडण्यापासून त्यांना घडवण्यापर्यंतचं मोठं उदाहरण मुंबईतलंच आहे. हार्वर्डचे प्राध्यापक रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात ताजच्या कर्मचाऱ्यांनी जे धैर्य दाखवलं त्यामागचं कारण शोधलं, आणि डिसेंबर २०११ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये त्यावर लेख लिहिला. ताज मोठ्या महानगरांपेक्षा पुणे, कोइम्बतूर, म्हैसूर, देहरादून अशा ठिकाणांहून मुलं निवडायचं, हुशारीपेक्षा स्वभावाला महत्त्व द्यायचं, आणि इतर साखळ्या साधारण बारा महिने प्रशिक्षण देत असताना आपल्याकडच्या मुलांना अठरा महिने द्यायचं, असं त्यांनी नोंदवलं. २००१ साली तिथे ‘स्टार्स’ नावाची कौतुकाची योजना सुरू झाली होती. पाहुण्याची शाबासकी, सहकाऱ्याने केलेलं कौतुक, स्वतःची सूचना यांवर गुण मिळत, आणि कौतुक लवकरात लवकर पोचावं यावर भर होता. दिवाळीला एकदम मिठाईचा डबा देण्यापेक्षा काल रात्रीच्या गडबडीत निभावून नेलं म्हणून आज सकाळी म्हटलेलं “काल छान सांभाळलंस” अधिक उपयोगी पडतं. त्याला एक पैसाही लागत नाही. लागते ती सवय, आणि सवय शिकवता येते.

ड्युटीचा तक्ता

दुसरी गोष्ट वेळापत्रक. हॉटेलच्या धंद्यात माणसं पगारावर जेवढी भांडतात तेवढीच ड्युटीवर. ब्रेक शिफ्ट म्हणजे सकाळी अकरा ते चार आणि पुन्हा सात ते बारा. मधले तीन तास घरी जायला पुरत नाहीत आणि झोपायला जागा नसते. त्यात उद्या सुट्टी आहे असं आज रात्री कळतं, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी फोन येतो, “एक जण आला नाही, ये जरा.”

अमेरिकेत गॅप या कपड्यांच्या दुकानांच्या साखळीने सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागोतल्या २८ दुकानांत एक प्रयोग केला. जोआन विल्यम्स, सरवणन केसवन आणि सुसान लॅम्बर्ट हे अभ्यासक त्यात होते. निवडक दुकानांत मॅनेजरांना वेळापत्रक स्थिर ठेवायला शिकवलं गेलं: शिफ्ट सुरू आणि बंद होण्याची वेळ ठरलेली, आठवड्यातले दिवस शक्यतो तेच, आणि कामगारांना आपसांत शिफ्ट बदलायची मुभा. त्या दुकानांची विक्री इतरांच्या तुलनेत सुमारे सात टक्क्यांनी वाढली. न्यूयॉर्क शहराने तर २०१७ पासून फास्टफूड दुकानांसाठी कायदाच केला. वेळापत्रक १४ दिवस आधी द्यायचं, आणि रात्री दुकान बंद करणाऱ्यालाच ११ तासांच्या आत पुन्हा सकाळी उघडायला बोलावलं तर त्याला १०० डॉलर जादा.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही आठवड्याची सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दर अशी तरतूद आहे. पण कायदा असणं वेगळं आणि मॅनेजरला तक्ता आखता येणं वेगळं. तक्ता आखणं ही कला नाही, रीत आहे. गेल्या महिन्याची विक्री वाराप्रमाणे पाहायची, गर्दीचे तास ओळखायचे, त्या तासांना माणसं जास्त ठेवायची, दर आठवड्याच्या गुरुवारी पुढच्या आठवड्याचा तक्ता भिंतीवर लावायचा. आपल्याकडे यात एक खास भर घालावी लागते, ती गावच्या सणांची. नेपाळी मुलांना दसऱ्याच्या सुमारास दशैंला जायचं असतं, बिहारच्या मुलांना छठला, ओडिशाच्या मुलांना जूनमध्ये रजपर्वाला, आणि कोकणातल्याला गणपतीला. हॉटेलातही त्याच दिवसांत गर्दी असते. वर्षाच्या सुरुवातीलाच मॅनेजरने कॅलेंडर समोर ठेवून बसावं, या वर्षी कोण जाणार आणि पुढच्या वर्षी कोण, हे ठरवावं, तिकिटासाठी उचल द्यावी. मग तो मुलगा न सांगता निघून जात नाही आणि परतही येतो. ज्याला रजा नाकारली जाते त्याला गावी जाण्याचा एकच मार्ग उरतो, नोकरी सोडण्याचा.

गिऱ्हाईक आणि वेटर यांच्यामध्ये

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. गिऱ्हाईक वेटरवर ओरडतं तेव्हा मॅनेजरने काय करायचं? आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ठरलेलं असतं. मॅनेजर धावत येतो, गिऱ्हाइकाची माफी मागतो आणि त्याच्यादेखत वेटरला झापतो. गिऱ्हाईक खूश होतं, वेटर मात्र मनातून त्याच क्षणी जायचं ठरवतो. व्हाइट यांच्या अभ्यासात रडणाऱ्या वेट्रेसच्या दुखण्यात याचाही वाटा होता.

न्यूयॉर्कमध्ये १९८५ साली युनियन स्क्वेअर कॅफे सुरू करणारे डॅनी मेयर यांनी २००६ सालच्या ‘सेटिंग द टेबल’ या पुस्तकात आपला क्रम सांगितला आहे. आधी कर्मचारी, मग पाहुणे, मग परिसर, मग माल पुरवणारे आणि सर्वांत शेवटी पैसे गुंतवणारे. कर्मचाऱ्याला आधी ठेवलं म्हणजे पाहुण्याचं नुकसान होतं असं नाही. जो माणूस कामावर सन्मानाने वागवला जातो तोच पाहुण्याला सन्मानाने वागवू शकतो, असं त्यांचं म्हणणं.

हे शिकवण्याची पद्धत भाषणाची नाही, तालमीची आहे. दुपारी चार ते सहा हॉटेल रिकामं असतं. त्या वेळी एक जण तापलेलं गिऱ्हाईक होतो, एक वेटर आणि एक मॅनेजर. मॅनेजरने शिकायच्या पायऱ्या ठरलेल्या: टेबल स्वतःकडे घ्यायचं, वेटरला शांतपणे दुसरं काम देऊन बाजूला करायचं, गिऱ्हाइकाचं ऐकायचं, चूक असेल तर भरून द्यायची, गिऱ्हाईक शिवीगाळ करत असेल तर तेही थांबवायचं. वेटरशी बोलायचं ते नंतर, आत, एकट्याशी, आणि प्रश्नाने सुरुवात करून: “काय झालं?” आधी “काय केलंस?” असं विचारलं तर संभाषण तिथेच संपतं. याच तालमीत आणखी एक नियम शिकवावा. ग्लास फुटला किंवा गिऱ्हाईक बिल न देता निघून गेलं, म्हणून वेटरच्या पगारातून पैसे कापायचे नाहीत. पाचशे रुपये वाचवण्यासाठी चांगला माणूस गमावणं हा व्यवहार कुठल्याच हिशेबात बसत नाही.

स्वयंपाकघर आणि बाहेर यांच्यातली भांडणंही मॅनेजरच्याच अंगावर येतात. आचारी म्हणतो वेटरने केओटी उशिरा दिली, वेटर म्हणतो आचाऱ्याने मुद्दाम मागे ठेवली. इथे व्हाइट यांचा धडा अजूनही लागू आहे. माणसांना “नीट बोला” असं सांगण्यापेक्षा कामाची रीत बदलावी. ऑर्डर चिठ्ठीनेच जाईल, तोंडी नाही. पदार्थ बाहेर देण्याच्या काउंटरवर ठेवला की घंटी वाजेल, आरडाओरडा नाही. आज काय संपलंय, कोणत्या पदार्थाला वीस मिनिटं लागतात, हे सर्व्हिस सुरू होण्याआधीच्या दहा मिनिटांच्या ब्रीफिंगमध्ये आचारी स्वतः सांगेल. ही दहा मिनिटं चुकली की रात्रीचे दोन तास भांडणात जातात.

पैसा आणि पुढची वाट

एवढं सगळं शिकवूनही एक मर्यादा राहते, ती पैशाची. डॅनी मेयर यांनीच २०१५ मध्ये आपल्या रेस्टॉरंटांत टिप घेणं बंद करून किमती वाढवल्या. टिप मिळवणारे वेटर आणि टिपेतला वाटा न मिळणारे आचारी यांच्या मिळकतीतली दरी बुजवायची होती. हेतू चांगला होता, पण अनेक जुन्या वेटरांची कमाई घटली, ते सोडून गेले, आणि २०२० मध्ये मेयर यांनी टिप पुन्हा सुरू केली. या धंद्यात माणसांची कदर करण्यासाठी नावाजलेल्या मालकाकडेही कमाई घटली की लोक जातात. मॅनेजरला गोड बोलायला शिकवून कमी पगाराची भरपाई होत नाही.

मॅनेजर पगार ठरवत नाही, पण पैशाच्या व्यवहारात स्वच्छता आणणं त्याच्या हातात असतं. टिपेच्या डब्यात किती जमले आणि कुणाला किती गेले, हे रोज रात्री सर्वांसमोर मोजावं. सर्व्हिस चार्ज घेत असाल, तर त्यातलं स्टाफला काय मिळतं ते सांगावं. पगाराची तारीख पाळावी. सोडून जाणाऱ्याचा हिशेब अडकवू नये, कारण तो कसा गेला हे मागे राहिलेले सगळे बघत असतात.

पैशानंतर येतो तो पुढचा मार्ग. मुंबईतल्या उडुपी हॉटेलांच्या इतिहासात याचं नमुनेदार उदाहरण आहे. दक्षिण कन्नड भागातून लहान वयात आलेली मुलं दिवसा हॉटेलात काम करायची आणि रात्री शहरातल्या कन्नड रात्रशाळांत शिकायची. त्यांतले अनेक पुढे गल्ल्यावर बसले, काहींनी स्वतःची हॉटेलं काढली. त्या काळच्या कष्टांचं उदात्तीकरण करायची गरज नाही. पण शिकणारा मुलगा टिकतो, आणि त्याला ड्युटीतून शाळेसाठी सोडणारा मॅनेजर त्याच्या लक्षात राहतो, एवढं त्यातून नक्की घेता येतं. आज रात्रशाळेच्या जागी ड्रायव्हिंगचा परवाना असेल, तंदूरवर हात बसवणं असेल किंवा इंग्रजीत ऑर्डर घेता येणं असेल. मॅनेजरने दर तीन महिन्यांनी प्रत्येकाशी दहा मिनिटं बसून विचारावं: तुला पुढे काय शिकायचंय? कशामुळे जावंसं वाटतं? नोकरी सोडणाऱ्याला कारण विचारायची रीत अनेक ठिकाणी असते, पण त्या वेळी उशीर झालेला असतो. राहणाऱ्यालाच विचारलं तर अजून काही करता येतं.

प्रशिक्षण कोण देणार?

मोठ्या साखळ्यांकडे यासाठी संस्था आहेत. मॅकडोनाल्ड्सने १९६१ सालीच मॅनेजरांसाठी ‘हॅम्बर्गर युनिव्हर्सिटी’ सुरू केली. मुंबईत दादरची हॉटेल मॅनेजमेंटची सरकारमान्य संस्था १९५४ पासून चालू आहे. पण नाक्यावरच्या पंचवीस टेबलांच्या हॉटेलचा मॅनेजर या संस्थांतून येत नाही, आणि त्याला आठवडाभर सोडणं मालकाला परवडतही नाही. त्याच्यासाठी छोटे तुकडे करणं हाच उपाय. एका महिन्यात एकच कौशल्य घ्यावं. पहिल्या महिन्यात तक्ता, दुसऱ्यात नव्या माणसाचं स्वागत, तिसऱ्यात गिऱ्हाईक तापलं तर काय करायचं, चौथ्यात एकट्याला बोलावून चूक कशी सांगायची. गावातल्या चार-पाच मालकांनी मिळून एका अनुभवी माणसाला बोलावलं, तर खर्चही वाटला जातो. आणि यातलं काहीही मालक स्वतः पाळत नसेल, म्हणजे तोच सर्वांसमोर मॅनेजरला झापत असेल, तर शिकवणीचा पैसा पाण्यात.

शिकवणं एवढ्यावर संपत नाही, याचा एक चांगला पुरावा पूर्व युरोपातल्या किराणा दुकानांच्या साखळीतून मिळतो. गुइडो फ्रीबेल, मॅथियास हाइन्झ आणि निकोलाय झुबानोव्ह यांनी तिथे मोठा प्रयोग केला. निवडक दुकानांच्या मॅनेजरांना कंपनीच्या प्रमुखाने फक्त एक पत्र पाठवलं: माणसं सोडून जाणं कमी करण्यासाठी तुमच्याकडून होईल ते करा. ना बक्षीस, ना दंड. तरीही त्या दुकानांत नोकरी सोडण्याचं प्रमाण पाचव्या ते चौथ्या हिश्शाने घटलं. मॅनेजर माणसांशी जास्त वेळ बोलू लागले होते. पण साधारण नऊ महिन्यांनी परिणाम विरला, आणि पुन्हा आठवण करून दिल्यावर परत आला.

याचा अर्थ असा की माणसं सांभाळायची ताकद बहुतेक मॅनेजरांकडे आधीपासूनच असते. ते काम आपलं आहे असं कुणी सांगत नाही आणि त्याचा हिशेब कुणी मागत नाही, म्हणून ते होत नाही. मालक दर महिन्याला मॅनेजरकडून विक्री, मालाचा खर्च आणि वीजबिल मागतो. त्याच कागदावर तीन रकाने वाढवले तर पुरेत: या महिन्यात कोण सोडून गेलं, रुजू झाल्यापासून कितव्या दिवशी गेलं, आणि त्याला थांबवायला काय केलं होतं. हे रकाने दर महिन्याला भरावे लागले, आणि त्यांवर मॅनेजरच्या बोनसचा थोडा तरी भाग ठरला, तर प्रशिक्षणात शिकलेलं विसरायला त्याला फुरसतच मिळणार नाही. ज्या मालकाला हे तीन प्रश्न विचारायचा कंटाळा आहे, त्याने प्रशिक्षणावर खर्च करू नये.